दोन मांडवांची एक हवा

जगदेवच्या तोंडून बायकोचं, सोजरबाईचं नाव शेवटी निघालं आणि त्यावर टाळ्या पडल्या. पण ते दुपारचं. त्याआधी सकाळी सोजरबाईच्या तेरवीच्या मांडवात विकास माइक तपासत होता. त्यानं फुंकर मारली आणि स्पीकरच्या पेटीतून रस्त्यावरचा लसूणवाला बोलला, शंभरला दीड किलो.

दोष लसूणवाल्याचा नव्हता. गावात त्याच्यासकट सगळ्यांनी एकाच जातीचे स्वस्त माइक घेतले होते. गेल्या वर्षापर्यंत विकास आणि रविकांत यांची एकच साउंड सर्व्हिस होती. बॅनरवर आधी कुणाचं नाव, यावरून ती मोडली. बिनवायरच्या माइकांची जोडी होती, ती दोघांनी एक-एक वाटून घेतली. पण दोन्ही माइक एकाच लहरीवर बोलत आणि लहर बदलायचं बटण त्या मालाला नव्हतं. आज विकास तेरवीत होता आणि रविकांत दोन गल्ल्या सोडून नीताच्या लग्नात. एकानं माइक चालू केला की दोन्ही मांडवांत तोच ऐकू येई. दोघांनी केला की दोन्हीकडे नुसती किंचाळी.

दोघांचं बोलणं बंद होतं, पण मिस कॉल म्हणजे काही बोलणं नव्हे. म्हणून नियम ठरला होता. आधी कान द्यायचा, पलीकडे शांत असेल तर एक मिस कॉल द्यायचा आणि मग बोलायचं. मिस कॉल आला की समोरच्यानं पेटीचा आवाज उतरवायचा. टक्कर झालीच, तर दोघांनी बंद करून मनाला येईल तितके आकडे मोजायचे, ज्याचे आधी संपतील त्यानं बोलायचं. सारखेच मोजले तर पुन्हा टक्कर. इंझोरी गावाची हवा गेलं वर्षभर अशी चालली होती आणि बरी चालली होती.

आज मात्र नियम सकाळीच ढिला पडला. माजी सरपंच श्रद्धांजलीत "सोजरबाई आता" इथपर्यंत आले आणि पुढचं पेटी बोलली, "स्टेजवर या, फोटो काढायचा आहे." कुणी हसलं नाही. माजी सरपंच मान खाली घालून बसले.

जगदेव खुर्चीवर बसून डोक्यावरची टोपी पुन्हा पुन्हा सारखी करत होता. त्याला एकच शब्द बोलायचा होता, आणि ते फक्त त्याच्या मुलीला, वैजयंतीला ठाऊक होतं. एकेचाळीस वर्षांत त्यानं बायकोला नावानं हाक मारली नव्हती. "अवं" नाहीतर "वैजूची माय". वाशिमच्या दवाखान्यात कागदावर नाव लिहायची वेळ आली तेव्हाही त्यानं मुलीकडे पाहिलं होतं. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नावानं हाक मारा, माणसाचा कान कधीकधी उशिरापर्यंत जागा असतो. जगदेव पलंगाचा दांडा धरून "अवं, अवं" करत राहिला. सोजरबाईनं डोळे उघडले नाहीत. तेव्हापासून त्याला वाटत होतं, तिला कळलंच नसेल, आपल्याला बोलवून राह्यले म्हणून. त्या वॉर्डात बायकांच्या उशाला बसलेले सगळेच नवरे "अवं" म्हणत होते.

साडेबाराला, पहिली पंगत बसायच्या आत त्यानं विकासला बोलावलं.

"मोठ्यानं जाईन ना?"

"जाईन ना मामा. अख्ख्या गावाले जाईन. बोलनं झालं का हे बटन बंद करजा."

विकासनं मिस कॉल लावला. लग्नातले दोनशे मोबाइल एकाच वेळी व्हिडिओ सोडत होते, कॉल जाईना. तीनदा लावला. मग त्यानं पेटीला कान लावला. पलीकडे शांत होतं, म्हणजे पाळी आपली, असं धरून त्यानं माइक जगदेवच्या हातात दिला.

पलीकडे शांत होतं, कारण नवरदेवाला नाव घ्यायला सांगितलं होतं आणि त्यानं लाजून माइकचं बटणच बंद केलं होतं.

"सोजरबाई," जगदेव म्हणाला.

एवढंच. आणि सांगितल्याप्रमाणे बटण बंद केलं.

तेरवीच्या मांडवात कुणी हललं नाही. दोन गल्ल्या पलीकडून मात्र हसण्याचा लोंढा आला आणि मागोमाग टाळ्या. नीताशी लग्न लावून नवरदेव सोजरबाईचं नाव घेतो, हे लग्नाला फार आवडलं होतं. कुणीतरी त्याच्या हातातला माइक ओढला असावा, कारण तेरवीच्या पेटीतून एका बाईचा आवाज आला. हसून हसून थकलेला, माहेरच्या माणसासारखा.

"असं पुटपुटून कायले घेता? पुन्हा घ्या. मले ऐकूच नाई आलं."

वैजयंतीच्या हातातला भाजीचा चमचा वरच राहिला.

"बाबा, ते लग्नातली बाई हाये," ती हळूच म्हणाली.

"असू दे," जगदेव म्हणाला. "इचारलं त सांगा लागते."

तो उभा राहिला. टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि माइकचं बटण पुन्हा चालू केलं. विकासचा हात आवाज उतरवायच्या खुंटीवर गेला होता, तो त्यानं तिथून काढून खिशात घातला.

"सोजरबाई," जगदेव पेटीकडे तोंड करून म्हणाला. मग थांबून, आणखी मोठ्यानं, "सोजर."

या वेळी टाळ्या आल्या नाहीत. काहीच आलं नाही. जगदेव बटण बंद करून पेटीसमोर उभा राहिला. पंगत वाढून झाली, वरण निवलं, तरी लोक त्याच्यासाठी थांबले होते.

सोमवारी तो विकासच्या दुकानात कोरा कागद घेऊन आला. विकासनं विचारलं, अर्ज कोणाच्या नावानं करायचा. हवा ज्याच्या ताब्यात असेल त्याच्या, जगदेव म्हणाला. विकासनं काही समजावून पाहिलं नाही. पेन झटकलं आणि चांगल्या अक्षरात लिहिलं :

प्रति, मा. सक्षम अधिकारी, वायरलेस खाते, दिल्ली.

विषय : दुपारची हवा पाच मिनिटे मोकळी ठेवणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये अर्ज सादर करतो की, मौजे इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशिम येथे अर्जदाराकडे त्याच्या पत्नीचे नाव पुन्हा घेण्याची मागणी झाली होती. त्यानुसार अर्जदाराने नाव दोन वेळा घेतले आहे. तथापि ते पोचले किंवा कसे, याची पोच आजतागायत प्राप्त झालेली नाही. सबब, सदर लहरीवर रोज दुपारी साडेबारा ते बारा पस्तीस या वेळेत इतर कोणासही बोलू देऊ नये, व पलीकडून पोच आल्यास ती अर्जदारास विनाविलंब कळविण्यात यावी, ही नम्र विनंती.