पदराच्या गाठीतला गूळ

सोजरबाईंच्या साखरेपुढं सगळ्या घरानं हात टेकले होते. नात वैष्णवी रोज सकाळी त्यांना इन्सुलिन टोचायची, आणि साखर खाली यायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत चालली होती. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं त्यांनी साफ सांगितलं होतं.

खरी गोम पदरात होती. सुई झाली की म्हातारी संडासात जायची, कडी लावायची आणि गाठीतला गुळाचा खडा तोंडात टाकायची. शहात्तर वर्षांच्या बाईला हे शोभतं का? पण जीव घाबरल्यावर शोभेचं कोण बघतो! गूळ खाल्ला की डोस वाढायचा, डोस वाढला की भीती वाढायची, आणि भीती वाढली की खडा मोठा व्हायचा.

या भीतीचं कारण सांगायची सोय नव्हती. अठराव्या वर्षी पहिलं बाळ गेलं आणि वळसंगला माहेरी असलेल्या सोजरबाई बोलेनाशा, जेवेनाशा झाल्या. वडिलांनी सासरी 'मावशीकडं गेलीय' असं कळवून लेकीला परगावच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. तिथं उदासी घालवायला इन्सुलिनच द्यायचे. उपाशीपोटी सुई, मग घाम, थरथर, अंधार. बऱ्याच वेळानं नाकातल्या नळीतून साखरपाणी घालून परत आणायचे. शेजारच्या खाटेवरची केराबाई एकदा परत आलीच नाही. हसून, जेवून दाखवलं तरच सुई थांबायची आणि घरी सोडायचे. पुढं वडील गेले, आणि हे गुपित एकट्या सोजरबाईंकडं उरलं. आता तर वैष्णवीला बघायला माळशिरसची मंडळी यायची होती. आजी वेड्यांच्यात होती म्हटल्यावर पोरीला करून कोण घेणार?

नेमकं पाहुणे यायच्या दिवशीच सकाळी वैष्णवीनं गाठ पकडली.

"आजी, गूळ? म्हणून उतरत न्हाय व्हय साखर! अंगठा तोडून घ्यायचाय का?"

तिनं खडा काढून घेतला, वाढलेला डोस टोचला, तोच पाहुण्यांचा सात रस्ता चौकातून 'पोचतोच' म्हणून फोन आला. घरात एकच धांदल उडाली. सोजरबाईंच्या नाश्त्याची आठवण कुणालाच राहिली नाही, आणि पाहुण्यांसमोर त्यांना मागवेना.

"घरात कुणाला काय आजार?" नवऱ्या मुलाच्या आईनं विचारलं.

"आईला साखर. बाकी काय न्हाय बघा," सोजरबाईंचा लेक रामहरी म्हणाला.

तेवढ्यात सोजरबाईंना घाम फुटला. हात थरथरू लागले. ही थरथर त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. पोरीचं जमू दे, मग गूळ मागू, असं म्हणत त्यांनी दात आवळून धरले. हळूहळू समोरच्या माणसांचे कपडे पांढरे दिसू लागले.

"डॉक्टर," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "मी हसतीय बघा. जेवतीय बी. आता सोडा की मला घरी. उद्या सुई नको."

आणि त्या खरंच हसल्या, पार हिरड्या दिसेपर्यंत.

वैष्णवीनं धावत येऊन पाहुण्यांच्या चहात चार चमचे साखर ढवळली आणि तो आजीला पाजला. सोजरबाईंना भान आलं तेव्हा पोह्यांच्या बशा तशाच होत्या आणि मुलाची आई उठली होती.

"फोनवर कळवतो," ती म्हणाली.

दार लागलं. वैष्णवी आजीच्या पायाशी बसली.

"आजी, कुठल्या डॉक्टरला म्हणत हुतीस?"

उद्या सकाळी पुन्हा सुई होतीच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. सगळं सांगून टाकायला सोजरबाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांना रडायचं होतं, पण आलं ते हसूच.