खालून पहिल्या नंबरची खुर्ची

सोमी गणितात पास झाली.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. ते माझ्या तोंडून सुटलं, आणि मला तोंडच नाही, त्यामुळे ते धरू नका. सोमीचं अजून काहीही झालेलं नाही. आपण रीतसर सुरुवात करू.

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत राहते. कचेरी कर्जतची की खालापूरची, हे मी सांगणार नाही. कर्जतच्या लोकांना ती खालापूरची वाटू दे, खालापूरच्यांना कर्जतची. दोघांनाही बरं वाटेल.

मला गोमा सुताराने घडवलं. तीन पाय सागाचे झाले आणि साग संपला. चौथा त्याने आंब्याचा लावला, तोही बोटभर आखूड. तेव्हाच्या साहेबांनी मला लांबूनच पाहून ‘मजबूत आहे’ असा शेरा मारला. त्या शेऱ्यावर मी पुष्कळ वर्षं काढली. माझ्यावर बसून साहेब लोकांनी सह्या केल्या, डुलक्या काढल्या, काहींनी दोन्ही एकदम. मग गोल फिरणाऱ्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी सभागृहात झाली.

तिथे दरवर्षी दहावीच्या निकालाची आढावा बैठक भरते. तालुक्यातले सगळे मुख्याध्यापक येतात, भिंतीवर टक्क्यांचा तक्ता झळकतो, वडे येतात. एका वर्षी एक सर उशिरा आले. डुगडुगते म्हणून सगळ्यांनी सोडलेली मी तेवढी उरले होते. ते नेमके तालुक्यात सगळ्यांत कमी निकाल लागलेल्या शाळेचे निघाले. पुढच्या वर्षीही तसंच झालं. आपल्याकडे एखादी गोष्ट दोनदा झाली की ती पद्धत होते. तेव्हापासून खालून पहिल्या आलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पहिल्या रांगेत, माझ्यावर बसायचं. तसा लेखी आदेश कुठेच नाही, म्हणून तो कुणाला रद्दही करता येत नाही.

बैठकीआधी शिपाई दामू माझ्या आखूड पायाखाली मागच्या वर्षीच्या तक्त्याची घडी सारतो. साऱ्या तालुक्याची गुणवत्ता माझ्या एका पायाखाली असते. तरी मी डुगडुगतेच.

गेल्या जूनमध्ये माझ्यावर बदरुन्निसा मॅडम बसल्या. डोंगराच्या पायथ्याला त्यांची लहानशी शाळा आहे. दहावीला मुलं सात. सहा पास झाली, सोमी गणितात राहिली. सोमी वरच्या वाडीतली, दहावीपर्यंत पोचलेली वाडीतली पहिली मुलगी.

“मॅडम, सलग दुसरं वर्ष तुमचं,” गटशिक्षणाधिकारी साहेब म्हणाले. “दहावीचा वर्ग बंद करून मुलं हायवेकडच्या शाळेत पाठवायचा प्रस्ताव आलाय.”

“साहेब, वाडीतल्या मुली तिथपर्यंत जाणार नाहीत. घरी राहतील.”

शेजारी मऊ खुर्चीवर शंभर टक्केवाले स्वराज सर होते. ते वडा संपवून मदतीला धावले. “मॅडम, तुम्ही फारच साध्या. कच्चं पोर नववीतच ओळखायचं. दाखला हातात द्यायचा आणि सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून परीक्षा दे. नापास झालं तरी आपल्या टक्क्यांत येत नाही.”

“तुमच्या नववीत किती मुलं होती, सर?”

“असतील साठेक.”

“आणि दहावीला?”

“एक्केचाळीस. सगळी पास!”

“मग बाकीची कुठे गेली?”

सर तक्त्यात शोधू लागले. “तो रकाना यात नसतो, मॅडम.”

साहेबांनी दुसरा वडा उचलला.

“विषयाला धरून बोला,” साहेब म्हणाले. “पुरवणी परीक्षेचा निकाल येऊ द्या. ही मुलगी सुटली, तर प्रस्ताव थांबवतो. नाही सुटली, तर सही करतो.”

मित्रांनो, मॅडमचे गुडघे थरथरत होते, ते मला कळत होतं. त्या दिवशी मी डुगडुगले नाही. थरथरायचं काम त्यांनी घेतलं होतं. दोघींनी एकदम करणं बरं दिसलं नसतं.

बैठक उठल्यावर त्यांनी विचारलं, “दामूमामा, ही थोडे दिवस नेऊ का? सोमी अभ्यासाला बसली की पेंगते. हिच्यावर कुणाला झोप यायची नाही.” (साहेब लोक झोपायचे, पण त्यांचा सराव दांडगा.)

“न्या की बाई. तशी पन ती तुमचीच हाय,” दामू म्हणाला. “पन पुढल्या बैठकीआधी आना. जडवस्तूंच्या वहीत नाव हाय तिचं. माझं तर तेवडं पन नाय.”

मॅडमचा भाचा अब्रार शिळफाट्याला भाजी टाकून रिकामा टेंपो घेऊन परत निघाला होता. त्याने मला उलटी टाकली. पाय वर करून त्या रस्त्याने जाणारी मी पहिली नसेन. शनिवार-रविवारी पर्यटक येतात.

शाळा सुटली की सोमी माझ्यावर बसायची.

“बाई, ही डुलतेय म्हणून गणित चुकतंय.”

“मग खाली बस.”

सोमी खाली बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “बाई, खाली पन चुकतंय.”

“मग खुर्चीला नावं नको ठेवूस गं. नेमकं कुठे चुकतंय ते दाखव.”

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सोमीलाही नाही, मलाही नाही. तिने दाखवलं. अपूर्णांकात चुकत होतं, पार पाचवीपासून. मॅडमनी पाचवीपासून धरलं. दोघी रोज भांडत, रोज एक पायरी चढत. एके दिवशी सोमी ओढ्यातून चपटा दगड घेऊन आली आणि माझ्या आंब्याच्या पायाखाली सारला. “हिचं पन तितंच चुकत व्हतं,” म्हणाली. मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ उभी राहिले.

निकालाच्या दिवशी शाळेत रेंज नव्हती. रेंज तिथे छताजवळच असते. सोमी माझ्यावर चढली आणि तिने मोबाइल वर धरला. मॅडमनी माझी पाठ घट्ट धरली. पडद्यावर गोल फिरत राहिलं. पुढे काय होणार, याची मला तेव्हा काहीच कल्पना नव्हती, हे तुम्ही जाणताच.

“बाई, सदतीस! पस्तीसला पास असतं ना?”

“असतं गं, असतं!”

“मग दोन जास्तच झाले की!”

मॅडमनी आधी मला मिठी मारली. सोमी फार उंचावर होती.

प्रस्ताव थांबला. सोमी अकरावीला जाते, आणि तिच्या मागून वाडीतल्या तीन पोरी दहावीत आल्यात. मी कचेरीत परतले. जडवस्तूंच्या वहीत दगडाची नोंद नसल्याने दामूने तो काढून खिडकीत ठेवला. भिंतीवरच्या तक्त्यात अजून मार्चचाच आकडा आहे. पुरवणीचा त्यात येत नाही. म्हणजे मॅडमची शाळा अजून खालून पहिलीच.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी ‘आमची निगा राखा’ म्हणतात. मी सरकारी आहे. मी अर्ज करते.

प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी साहेब.
विषय: रकाना वाढवून मिळणेबाबत.

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, निकालाच्या तक्त्यात ‘नववीनंतर गाळलेली मुले’ असा एक रकाना वाढवण्यात यावा. त्या रकान्यात ज्या शाळेचा आकडा सर्वांत मोठा येईल, तिच्या मुख्याध्यापकांस पुढील बैठकीत माझ्यावर बसवण्यात यावे व बदरुन्निसा मॅडम यांस मऊ खुर्ची देण्यात यावी. तोपर्यंत माझा पाय दुरुस्त करण्यात येऊ नये.

सोबत जोडले आहे: दगड, चपटा, नग एक.