जाईबाईच्या होडीचं पेन

अरविंद तुळसकर निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत त्यांच्या करंजाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत एक छोटं लेथ मशीन येऊन बसलं. त्यांना लाकडाची फाउंटन पेनं करायची होती. निब, क्लिप, टोपण, दोन पितळी नळ्या, असं सगळं किटमध्ये तयार मिळतं. आपण फक्त लाकडाच्या ठोकळ्यांना भोक पाडायचं, नळ्या आत चिकटवायच्या, ठोकळे लेथवर फिरवत तासायचे आणि बाकीचे भाग दाबून बसवायचे. 'फक्त' हा शब्द अरविंदरावांचा. त्यांची बायको वैजयंती म्हणाली, "ह्यांनी अजून घरात एक खिळा सरळ ठोकलेला नाही."

आधी वीस-बावीस वर्षं ते बेलापूरला राहिले होते. त्यामुळे करंजाड्याला आल्यावरही रविवारची मासळी बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या जाईबाईकडूनच यायची. त्या रविवारी दोघं तिथल्या मासळी बाजारात आले, तेव्हा अरविंदरावांचं लक्ष पापलेटकडे नव्हतं. जाईबाई ज्या जाड फळीवर बसली होती, तिच्याकडे ते बघत होते.

"जाईबाई, हे सागवान आहे का?"

"आमच्या जुन्या होडीचं फळकूट हाय. गेल्या साली मोडली ती. का रं दादा, तुला बसायला पायजे?"

"पेन करायचंय."

जाईबाईने हातातलं पापलेट खाली ठेवलं आणि वैजयंतीला हळूच विचारलं, "बरा हाय ना ह्यो?"

"रिटायर झालेत," वैजयंती म्हणाली.

जाईबाईने शेजारून करवत मागवली आणि फळीचा एक तुकडा कापून दिला. अट एकच. "पयलं पेन माजं. मच्छीवाल्यांच्या मंडळाची अध्यक्ष केलीय मला ह्या बायांनी. आता कागदावर सही मीच करते." सही ती चौपन्नाव्या वर्षी, संध्याकाळच्या वर्गात शिकली होती. हे तिने दर गिऱ्हाइकाला एकदा तरी सांगितलेलं होतं.

सोसायटीने मशीनसाठी अकरा ते बारा एवढीच वेळ दिली होती. सोमवारी अकराला अरविंदरावांनी पटाशी लावली आणि तिसऱ्याच मिनिटाला ती लाकडातल्या जुन्या खिळ्यावर आदळली. ठोकळा उडाला तो थेट उन्हात ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीत. वैजयंतीने तो पळीने बाहेर काढला. "मुरू द्यायचा की तासायला घेताय?"

दुसरा ठोकळा चांगला चालला होता. पण अजून थोडं, अजून थोडं करता करता त्यांनी तो इतका तासला, की आतलं पितळ चकाकायला लागलं. लाकूड संपलं.

पुढच्या रविवारी अरविंदराव बोंबलाच्या टोपलीकडे फारच बारकाईने बघत उभे राहिले.

"पेन झालं का, दादा?"

"होतंय."

"एक लोणच्यात पडलं, एक झिजून गेलं," वैजयंतीने सांगून टाकलं.

ओळीतल्या सगळ्या बाया हसल्या. जाईबाई म्हणाली, "अरे, बावीस वर्सं खाडीत टिकली ती होडी. तुज्या बाल्कनीत आठ दिस टिकंना!" पण हसता हसता तिने पुन्हा करवत मागवली.

परत येताना अरविंदरावांनी लाकडाचा तुकडा स्कूटरच्या डिकीत अगदी तळाशी, मासळीच्या पिशवीखाली सारला. वैजयंतीला ते कळलं. दुसऱ्या दिवशी अकराला ती खुर्ची घेऊन बाल्कनीत येऊन बसली. तीस वर्षं तिने पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला शिकवली होती.

"आधी खिळा आहे का बघा," ती म्हणाली आणि फ्रिजवरचं चुंबक काढून तिने लाकडावरून फिरवलं. एका टोकाला ते चिकटलं. तेवढं टोक कापून टाकलं.

"आता भोक पाडा. थांबा. ड्रिल बाहेर काढा, भुसा झाडा. आता परत. किती घाई करता हो, कुठे गाडी पकडायचीय?"

पहिल्या दिवशी अरविंदराव चिडले. दुसऱ्या दिवशी ती सांगेल तसं करत गेले. तिसऱ्या दिवशी पावणेअकरालाच त्यांनी तिची खुर्ची आणून ठेवली. चौथ्या दिवशी तासून, पॉलिश पेपर फिरवून, सगळे भाग दाबून पेन पुरं झालं. तांबूस, गुळगुळीत, आणि गंजाने जिथे लाकूड काळवंडलं होतं तिथे एक काळी रेघ.

"छान झालंय," वैजयंती म्हणाली.

अरविंदराव वाट बघत राहिले. "आणि?"

"आणि काही नाही. छान झालंय."

रविवारी जाईबाईने पदराला हात पुसले, पेन घेतलं आणि आधी हुंगलं. मग कागदी पिशवीवर सही करायला गेली. काहीच उमटेना.

"शाई घालायला इसरलास काय?"

"उलटं धरलंय. निब अशी वर."

तिने पेन फिरवलं आणि जीभ दातांत धरून सावकाश नाव लिहिलं. जाड, निळं, ओलं. ते ती बराच वेळ बघत राहिली. "हितं बसायचे आमचे हे," ती म्हणाली. "ह्याच फळीवर." नवरा जाऊन तिला सहा वर्षं झाली होती. मग तिने पेन बटव्यात टाकलं आणि कोणीही न मागता वैजयंतीच्या पिशवीत मूठभर कोलंबी जास्त घातली.

त्यानंतरच्या रविवारी ते आले, तर लांबूनच तिने हात केला.

"दादा, ऐक. कुठल्या तरी हापिसातून साहेब आलेला, कागद घेऊन. मला बघितलं आनि शाईचा डबा काढला. म्हनतो, आजी, अंगठा. मी म्हनलं, थांब. पेन काढलं, टोपन काढलं, पाच सया केल्या. तो कागद गुंडाळायला लागला तर मी वरडले, शाई वली हाय, फुंकर मार! मारतोय बिचारा. येक येक सही, फू, फू!"

बाजूच्या गोजराने त्या साहेबाचे फुगलेले गाल करून दाखवले. वैजयंतीला हसू आवरेना. अरविंदरावांनी मात्र गंभीरपणे विचारलं, "पण निब कशी चालली? अडकली नाही ना?"

"मस्त चालली. पन पुढचं करशील ते जरा जाड कर. मच्छीवालीचा हात हाय ह्यो, मास्तरणीचा नाय."

"जाड करतो," अरविंदराव म्हणाले. "किती जाड?"

जाईबाईने टोपलीतला एक बोंबील उचलून त्यांच्यापुढे धरला. "येवढं."