अकरा मिनिटांचा ठराव

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बागेतला नाही आणि शाळेतलाही नाही. बागेतल्या बाकावर म्हातारी माणसं ऊन खातात, शाळेतल्या बाकावर मुलं आपली नावं कोरतात. दोघांचंही नशीब माझ्यापेक्षा बरं. मी कॅनडातल्या सस्कॅचवानच्या सपाट मुलखातल्या लार्कस्पर गावच्या रिंकवरचा, बर्फावरच्या हॉकीतल्या घरच्या संघाचा बाक आहे. माझ्यावर घाम गळतो, ओले हातमोजे आपटले जातात आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली जातात. शी! पंचावन्न वर्षं झाली, पण त्या टरफलांची मला अजून सवय झालेली नाही.

माझ्या फळ्या मूळच्या धान्याच्या कोठारातल्या. रेल्वेचा फाटा बंद झाला, कोठार पाडलं, आणि नील्स ओस्टबी नावाच्या सुताराने त्यातल्या चार फळ्या वाचवून मला घडवलं. माझ्या अंगाला इतका गव्हाचा वास होता की पहिल्या हिवाळ्यात तीन गावांचे उंदीर रांगेने येऊन माझ्यावर बसायचे आणि पूर्ण सामना बघून जायचे. खोटं वाटत असेल तर उंदरांना विचारा.

पहिली काही वर्षं चांगली गेली. एका जानेवारीत तर अशी थंडी पडली की थुंकलेलं टरफल वाटेतच गोठायचं आणि माझ्यावर टणकन वाजायचं. ज्या वर्षी संघ जिंकला त्या वर्षी कुणीतरी माझ्यावर बिअर ओतली. याला इथे कौतुक म्हणतात. मी आठवडाभर चिकट होतो.

बाकाला खेळाडू कळतो तो बसण्यावरून. आळशी खेळाडू बसतो तो पोतं टाकल्यासारखा. घाबरट बसतो तो मागे सरकून, आपलं नाव कुणी घेऊ नये म्हणून. पंचावन्न वर्षांत माझ्यावर शेकडो जण बसले, पण एक संध्याकाळ सोडली तर डेल्फीन आर्कँड माझ्यावर कधी बसलीच नाही. ती टेकायची. एवढीशी कडेला, टाच थरथरत, डोळे बर्फावर.

डेल्फीन सव्वीस वर्षांची होती आणि गावच्या शाळेची बस चालवायची. दिवसभर ताशी चाळीसच्या वर जायचं नाही, दर वळणावर थांबायचं, मागच्या पोरांचा गोंगाट ऐकायचा. सकाळपासून दाबून ठेवलेला तो सगळा वेग संध्याकाळी तिच्या स्केटमधून बाहेर पडायचा. ती मधल्या रेषेवरून सुटली की तिची सावली मागे राहायची. समोरची गोलरक्षक त्या सावलीवर झडप घालायची, आणि या खेळात चेंडूऐवजी असते ती रबरी चकती दुसऱ्या बाजूने गुमान जाळ्यात जायची.

आता हा खेळ असा आहे, मित्रांनो. गोलरक्षक धरून सहाच जणी बर्फावर असतात. बाकीच्या माझ्यावर. पाऊण मिनिट जीव तोडून धावायचं, मग दारातून आत यायचं आणि दुसरीने बाहेर जायचं. या पाऊण मिनिटाला खेप म्हणतात. कुणाच्या वाट्याला किती खेपा, हे कोच ठरवतो. आमच्या नशिबाने आमच्याकडे दीड कोच होते.

मुख्य कोच ऑरेस्ट हनाट्युक, निवृत्त पोस्टमास्तर. चाळीस वर्षं त्याने प्रत्येकाच्या खणात ज्याचं त्याचं पत्र टाकलं होतं, आणि बर्फावरचा वेळही असाच खणाखणांत वाटायचा असतो, अशी त्याची श्रद्धा होती. मदतनीस कोच लोर्न ट्वीट, त्याच्या बायकोचा भाऊ. हा शर्यतीचे घोडे पाळायचा. दोघे माझ्या मागे उभे राहायचे आणि माझ्या डोक्यावरून भांडायचे.

"ऑरेस्ट, अरे ती पोरगी काय बाकावर ठेवायची वस्तू आहे?"

"वेग, वेग काय लावलंयस? वाराही वेगात जातो. वाऱ्याने आजवर किती गोल केलेत?"

"आणि तुझ्या पोस्टाने किती केलेत?"

"ती मागे येत नाही, लोर्न. चकती हातची गेली की तिथेच उभी, बस थांबल्यासारखी. मग बचाव कोण करणार? तुझे घोडे?"

"माझे घोडे निदान पळण्याआधी तिकीट चिकटवून मागत नाहीत!"

खरं सांगायचं तर दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य होतं. डेल्फीन दोनदा मागे यायला विसरली होती आणि दोनदा आमच्यावर गोल झाला होता. पण ती पुढे गेली तेव्हा नऊ गोल आम्ही केले होते. हे एखाद्या शेंबड्या पोराने बोटांवर मोजून दोन मिनिटांत मिटवलं असतं. या दोघांनी त्यावर अख्खा हिवाळा घालवला. शिवाय गाव त्यात पडलं. रिंकच्या कॅन्टीनमध्ये मीठदाणीला कर्णधार करायचे, केचपच्या बाटलीला डेल्फीन करायचे आणि टेबलभर फिरवायचे. ताटातले बटाटा भरलेले पिरोगी गार होऊन त्यांवर लोण्याचा थर बसायचा, तरी बाटली थांबायची नाही. मला थुंकीची किळस येते, पण या चर्चेपुढे थुंकी बरी.

जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी सराव संपला आणि डेल्फीन कर्णधार ग्रेटा फ्रीसेनजवळ टेकली.

"मॉरो लेकवाल्यांनी कागद दिलाय मला," ती हळूच म्हणाली.

"काय सांगतेस! संघ बदलायचा?"

"त्यांची कोच म्हणते, एक खेप सोडून एक. तेही विचारविनिमय न करता."

"अगं पण नव्वद किलोमीटर! बस चालवून परत तेवढं चालवणार?"

"मला जायचंय कुठे, ग्रेटा? माझी आई याच रिंकवर उभं राहायला शिकली. पण शनिवारी त्यांच्याशीच सामना आहे आणि रविवारी कागदाची मुदत संपते. शनिवारी या दोघांनी मला धड खेळू दिलं तर कागद फाडून टाकते. नाहीतर सही."

"कोचला सांग की हे."

"काय सांगू? मला खेळवा हो, म्हणून हात पसरू? सव्वीस वर्षांची बाई आहे मी."

मित्रांनो, हे फक्त ग्रेटाने ऐकलं आणि मी. लाकडाला देवाने तोंड दिलं असतं तर मी त्याच क्षणी ओरडलो असतो. मला जमलं तेवढं केलं. दुसऱ्या दिवशी ऑरेस्ट माझ्यावर बसला तेव्हा मी जीव खाऊन करकरलो. त्याने हातोडी आणली आणि माझ्यात एक खिळा ठोकला.

गुरुवारी रिंक समितीची सभा होती. कॅन्टीनमध्ये खुर्च्या कमी पडल्या म्हणून चौघांनी मला उचलून आत नेलं. आता आमच्या मुलखाची एक खोड सांगतो. इथे कॉफीत दूध किती घालायचं हेही ठराव मांडून, अनुमोदन घेऊन, हात वर करून ठरतं. त्याशिवाय कुणाला झोप येत नाही. त्या दिवशी छपराची गळती आणि पॅनकेकची न्याहारी हे विषय संपले, आणि लोर्न उठला.

"मी ठराव मांडतो की डेल्फीन आर्कँडला दर सामन्यात पंधरा मिनिटं बर्फावर मिळावीत."

"नऊ!" ऑरेस्ट बसल्या जागेवरून म्हणाला.

"दुरुस्ती मांडायची तर उभं राहून मांडा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मग काय विचारता! ट्रॅक्टरवाल्याने बारा मांडली. कुणी साडेदहा म्हटलं. कुणी विचारलं, ती बर्फावर असताना पंचाने खेळ थांबवला तर तो वेळ धरायचा का? त्यावर पाऊण तास गेला. आयुष्यात कधी स्केट न घातलेला एक गृहस्थ म्हणाला की फार वेगाने बर्फ झिजतो, त्याचाही विचार व्हावा. आणि लोकांनी माना डोलावल्या!

शेवटी ग्रेटा उठली. "अहो, तिलाच बोलवा आणि विचारा ना! काहीतरी सांगायचं असेल तिला."

"ती समितीची सदस्य नाही, बाळ," ऑरेस्ट म्हणाला. "आणि खेळाडूचं मत म्हणजे पक्षपात."

"कोच, शनिवारी तिला मोकळं सोडा. एवढं ऐका माझं. नाहीतर पस्तावाल."

"ही धमकी इतिवृत्तात घ्यायची का?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, आणि सगळे हसले. ग्रेटा लाल होऊन खाली बसली. कागदाचं गुपित तिच्या ओठांपर्यंत आलं होतं, पण ते तिचं नव्हतं. सात विरुद्ध सहा मतांनी अकरा मिनिटं मंजूर झाली.

शनिवारी रिंक खच्चून भरलं. डेल्फीनने पहिल्याच खेपेत गोल केला. दुसरा गोल तिने ग्रेटाला आयता वाढून दिला. आणि मित्रांनो, त्या दिवशी ती मागेही आली. दर वेळी आली. तिच्या स्केटने बर्फात ओढलेल्या रेघा मी माझ्या जागेवरून पाहत होतो, जेवढ्या जाण्याच्या तेवढ्याच येण्याच्या. ऑरेस्टला त्या दिसल्या नाहीत. त्याचे डोळे हातातल्या घड्याळावर होते.

दोन-दोन अशी बरोबरी होती आणि चार मिनिटं उरली होती. डेल्फीन आत आली, टेकली, दम घेतला आणि पुन्हा उठली.

"बस, पोरी," ऑरेस्ट म्हणाला. "अकरा झाली."

"कोच, चार मिनिटं राहिलीयत."

"ठराव आहे. मी एकटा काय करणार?"

"ठराव घाल चुलीत!" लोर्न ओरडला. "बर्फावर त्या ब्रिजेटचा दम गेलाय, बघ तिच्याकडे! ती आत येतेय. डेल्फीन, जा!"

त्याने दार उघडलं आणि डेल्फीन सुटली. ब्रिजेट बिचारी दोन हातांवर येऊन पोचली होती, जीभ बाहेर आली होती. तेवढ्यात ऑरेस्टने गर्जना केली, "ब्रिजेट, मागे फिर! आत यायचं नाही!" कोचचा हुकूम. ती गर्रकन फिरली.

झालं. बर्फावर सहाऐवजी सात.

शिटी वाजली. पण डेल्फीन अशी काही सुटली होती की शिटीचा आवाज तिच्या मागे धावत धावत गेला, तिला गाठता गाठता दमला, आणि तो पोचला तेव्हा चकती जाळ्यात होती. लोक खुर्च्यांवर चढले. लोर्नने मला लाथ मारली, आनंदाने. मग सगळ्यांना पंच दिसला. तो आमच्याकडे बोट दाखवत होता. जास्तीची खेळाडू. गोल रद्द, आणि आमची एक जण दोन मिनिटं बाहेर. गोलरक्षक सोडून उरलेल्या चौघींनी किती झुंजावं? त्या दोन मिनिटांत मॉरो लेकने गोल केला. आम्ही तीन-दोनने हरलो.

मला वाटलं, आता तरी कुणीतरी मान खाली घालेल. रिंक रिकामं झालं. डेल्फीन माझ्या मधोमध बसून स्केटच्या नाड्या सोडत होती. माझ्यावर ती प्रथमच नीट बसली, पूर्ण भाराने. ऑरेस्ट येऊन एका टोकाला बसला, लोर्न दुसऱ्या टोकाला.

"नऊ सेकंद जास्त झाले," ऑरेस्ट म्हणाला. "समितीला काय सांगू मी?"

"नऊ कसले? शिटीनंतरचे धरायचे नाहीत. चार."

"शिटीनंतरही ती बर्फावरच होती ना?"

"पण खेळ बंद होता! गुरुवारी पाऊण तास हेच तर बोललो आपण!"

डेल्फीनने पिशवीतून कागद काढला, माझ्यावर पसरला आणि पेन शोधू लागली. पेन सापडेना. ऑरेस्टने बोलता बोलताच आपल्या खिशातलं पेन तिच्यापुढे धरलं. कागदाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"थोडी सरक ग, पोरी. याला घड्याळ दाखवू दे."

ती सरकली. तिने सही केली, पेन परत दिलं, "येते, कोच," म्हणाली आणि गेली. दोघांनी एकदम मान हलवली आणि पुन्हा चार की नऊ सुरू केलं. त्या सहीचा दाब माझ्या फळीत उमटला आहे. मित्रांनो, मला आयुष्यात पुष्कळ घाण लागली, पण त्या दोघांच्या मध्ये असताना आली तशी शिसारी मला कधीच आली नाही.

पुढच्या हिवाळ्यात मॉरो लेकचा संघ आमच्याकडे आला. दोन्ही संघांचे बाक शेजारी शेजारी असतात, मध्ये फक्त एक पातळ फळी. पाहुण्यांचा बाक अबोल आहे, पण त्या दिवशी मला राहवलं नाही. सामना संपल्यावर मी फळीतून हाक मारली. "अरे, डेल्फीन कशी आहे? तुमच्याकडे खूश आहे का?"

तो बराच वेळ आठवत राहिला. "कोण डेल्फीन?" तो म्हणाला. "माझ्यावर या नावाची कुणी बसली नाही बुवा. एक आहे, पण ती सारखी बर्फावरच असते."

मित्रांनो, समितीने आता मला नवा रंग द्यायचं ठरवलं आहे. हिरवा की तपकिरी, यावर तीन सभा झाल्या. मला रंग नको आणि गादीही नको. ज्याच्या पायांत धाव आहे त्याला माझ्यावर आणून बसवू नका, आणि त्याने किती धावावं हे त्याच्या पाठीमागे हात वर करून ठरवू नका. त्याच्याशी दोन शब्द बोला. तेवढा वेळ नसेल तर निदान मला तरी रिकामा राहू द्या.