धुराड्यातला बूट

तिन्हीसांजेचा दिवा लावून झाल्याशिवाय गोव्यातल्या पेडण्याची कमलाक्षी फोन घेत नसे. त्या संध्याकाळी इंग्लंडच्या एका खेड्यात भाड्याने राहणाऱ्या तिच्या मुलाने, गौरेशने, फोनवरच घर दाखवलं. चारशे वर्षांचं शेतकऱ्याचं घर. माती-गवताचा काला रचून केलेल्या हातभर जाड भिंती, गवताचं छप्पर, आत माणूस उभा राहील एवढी चूल आणि तिच्यावर ओकची काळीभोर तुळई.

"मातीच्याच भिंती रे पुता? मग आमच्यापेक्षा वेगळं काय?"

"धुराडं, गे आई. आता चूल पेटत नाही. तिथंच तुझे देव बसवतो."

चुलीकडचे सुटलेले दगड गवंडी काढत होता. तेवढ्यात आतून लहान मुलाचा बूट निघाला. चामड्याचा, आमसुलासारखा वाळलेला.

कमलाक्षीचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही. "देवाच्या जागेत चामडं? आधी बाहेर टाक बघू. नि गोमूत्र शिंपड."

"इथं गोमूत्र कुठलं गे!" गौरेश हसला, पण ऐकलं त्याने. बूट राडारोड्यात गेला, राडारोडा ट्रकातून गेला.

दुसऱ्या दिवशी तो फोनवर हळू बोलत होता. घरमालकीण डोरोथीबाई बूट विचारत आली होती. तिकडे पूर्वी घरातल्या पोराचा वापरलेला बूट धुराड्यापाशी भिंतीत चिणत. धुराड्यातून काही वाईट उतरलंच, तर ते बुटापाशी अडावं म्हणून. तिच्या आजोबांना एकदा दुरुस्तीत तो सापडला, तेव्हा त्यांनी होता तिथेच परत ठेवला होता.

कमलाक्षी फोन घेऊन सोप्यावर आली. समोर शेजारच्या गोकुळदासच्या नव्या बांधकामावर, सळीला, नजर लागू नये म्हणून जुनी चप्पल लोंबत होती. तिचीच. 'माझी घे रे, चांगली झिजलेली आहे,' म्हणून तिनेच दिलेली. तिला तिकडे बघवेना.

"त्या बाईंना दे जरा," ती म्हणाली.

पडद्यावर स्वेटर घातलेली म्हातारी आली. कमलाक्षीने हात जोडले. मग बाईच बोलली आणि सून विनिता सांगू लागली, "आई, त्या म्हणतात, आपल्या सायलीचा लहान झालेला बूट तिथं ठेवूया का? आता या घरातलं पोर तीच. पण तिथं तुमचे देव बसायचेत, म्हणून तुम्हाला विचारतायत. चालेल?"

स्वतःच्या भिंतीसाठी ती बाई हिची परवानगी मागत होती.

"आधी बुटाची जागा करा म्हणावं," कमलाक्षी पुटपुटली. "देव सरकून बसतील."

"आई, वर बघा ना. त्या हात जोडतायत."

कमलाक्षीने मान वर केली नाही.