ताईची कॅसेट

माझी भाची बबडी आता 'ठिणगी' झालीय. पोस्टरवर तसंच छापलंय. घरात स्वतःचा कप विसळत नाही, पण नाव ठिणगी! परवा तिचं पहिलं गाणं आलं. अर्धं गायचं, अर्धं धडाधड बोलायचं, आणि दिसायला सगळं जुन्या काळातलं हवं म्हणे. जुना काळ म्हणजे आमचं तरुणपण. आम्ही अजून जिवंत आहोत, तोवरच यांनी आमचं प्रदर्शन मांडलं.

तिला जुनं शोधायला लांब जावं लागलं नाही. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, लग्नाआधी एका हॉटेलच्या बँडमध्ये गायची. सोनेरी टिकल्यांचा झगा घालून ताई उभी राहिली की वेटर हातात ट्रे धरून थबकायचे. पुढे घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढून टाकलं. आता ती गळ्याला रुमाल बांधते, बोलवायचं तर टाळी वाजवते, जास्त सांगायचं असेल तर फोनवर लिहून दाखवते. तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, बँडच्या ड्रमवाल्याने भरून दिलेल्या कॅसेटमध्ये. तीन गाणी. वर ताईच्या अक्षरात नुसतं 'मी' लिहिलेलं. शिलाई मशीनच्या खणात, पायमोज्यात गुंडाळून ठेवलेली. लावायलाही घाबरायची, टेप तुटली म्हणजे?

बबडीला हे बरोबर ठाऊक होतं. लाडात येऊन म्हणाली, "आई, स्टुडिओत नेते. तिन्ही गाणी तुझ्या फोनमध्ये भरून देते, मग ऐक दिवसभर. मला फक्त सुरुवातीचं ला-ला-ला हवंय, माझ्या गाण्यासाठी."

ताईने मोज्यासकट कॅसेट काढून दिली. वर झगाही दिला. मी म्हटलं, "ताई, ही कार्टी आवळा देऊन कोहळा काढतेय." तर माझ्यावरच डोळे वटारले! बाजारात जाऊन नवे हेडफोन घेऊन आली. खोकं फोडलं नाही, कपाटावर ठेवलं. पहिल्यांदा कानाला लावायचे ते तिन्ही गाणी आल्यावरच. बबडीला विचारलं की एकच उत्तर, "होतंय गं, किती घाई!"

गाणं दाखवायचा कार्यक्रम एका कॉफीच्या दुकानामागच्या हॉलमध्ये होता. आम्ही पहिल्या रांगेत. पडद्यावर बबडी आली, ताईच्या झग्यात. झगा मांडीपर्यंत कापलेला. ताईने तेही हसून घेतलं. मग ला-ला-ला आलं. पण कसं? वेग वाढवून, पिळून, चीं-चीं-चीं! पोराने रबरी बाहुली दाबावी तसं. लोक खो-खो हसले. ताईने माझा हात धरला आणि पडद्याकडे बघत राहिली. तिला कळलंच नव्हतं की तिचा आवाज येऊन गेला. ती अजून वाटच बघत होती.

पुढच्या दृश्यात बबडीने कॅसेट हातात घेतली. दातात धरून टेप ओढली, हातभर, मग ढीगभर. गळ्याभोवती गुंडाळली आणि खाली लोंबणाऱ्या ढिगाऱ्याला लायटर लावला. कॅसेट वळली तेव्हा पडदाभर अक्षर दिसलं. 'मी'. हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या.

ताई ताडकन उठली. निवेदकाला वाटलं, मंचावर यायला उठली. "या, या! मूळ गायिका! दोन शब्द बोला!" त्याने माईक थेट तोंडापुढे धरला. ताईचं तोंड उघडलं. मंचावर उभ्या बबडीने मागून गाण्याच्या यंत्राचं बटण दाबलं. चीं-चीं-चीं! अख्खा हॉल लोळायचा बाकी राहिला. लोकांना वाटलं, मायलेकींनी बसवलेला विनोद. त्यातली निम्मी गोष्ट खरी होती, लेकीने बसवला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बबडीला कोपऱ्यात ओढलं. "ती खरी कॅसेट होती?"

"मग? नवीन टेप काळीकुट्ट दिसते, मावशी. जुनी तपकिरी, उजेडात काय चमकते!"

"आणि तिन्ही गाणी?"

"अगं, राहिली ती. ला-ला-ला घेतलं ना."

"मग निदान ते तरी साधं दे. न पिळलेलं."

"साधं कोण ठेवतं? आवाजवाल्याने पुसलं असेल." मग माझा गाल ओढून म्हणाली, "रडू नकोस गं. इतकी वर्षं आईला कुणी ऐकत तरी होतं का?"

एक थोबाडीत ठेवून दिली मी. तेही कुणीतरी फोनमध्ये टिपलं. म्हणे गाण्यापेक्षा तेच जास्त चाललंय आणि बबडी खूश आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने टाळी वाजवली. हेडफोनचं खोकं फोडलेलं होतं. गाण्याचा वेग कमी करता येतो, हे तिने शोधून काढलं होतं. तो तुकडा सगळ्यात हळू लावून एक बाजू माझ्या कानाला धरली. आत फरशीवरून लोखंडी बादली ओढल्यासारखं काहीतरी घरघरत होतं. ताईने फोनवर लिहिलं, 'हीच ना मी?'

बँडमधला तिचा खरा आवाज समोर बसून ऐकलेली घरात मी एकटीच. मी डोळे मिटून तो आठवायला गेले. हॉटेल आठवलं, झगा आठवला, थबकलेले वेटर आठवले. आठवणीतल्या ताईचं तोंड उघडलं आणि माझ्याही कानात चीं-चीं-चीं वाजलं.

"हो ताई," मी म्हटलं, "तूच."

तिने हेडफोन माझ्या कानावरून काढून घेतला आणि तुकडा परत पहिल्यापासून लावला.