मिरकरवाड्यावरची कॉमेंट्री

पाहुण्यांचं पोट बिघडलं, तेही कार्यक्रम सुरू व्हायच्या अगदी तोंडावर.

"काल लग्नात जेवलो, आज घराबाहेर पडायची सोय नाही," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मिरकरवाड्याच्या जेटीवर माइक धरून उभी असलेली नेत्रा समोरच्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिली. एक पाहुण्यांची, एक तिची. मधल्या टिपॉयवर प्लास्टिकची फुलं, आणि फुलांवर एव्हाना माश्या.

"आता काय गो?" कॅमेऱ्यामागून संदेशने विचारलं. "फुलदाणीची मुलाखत घेतेस काय?"

नेत्राला हसू आलं नाही. आजचा हा अर्धा तास म्हणजे तिची परीक्षा होती, आणि परीक्षक हरिहरकाका तिकडे माळनाक्यावरच्या ऑफिसात टीव्हीसमोर बसले होते.

हरिहरकाका म्हणजे 'खाडी' या केबल चॅनलचे मालक. तीस वर्षांपूर्वी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत व्हीसीआर ठेवून, एका माडावरून दुसऱ्या माडावर वायर टाकून ते आळीतल्या घरांना रात्री पिक्चर दाखवत. एकदा गडबडीत पिक्चरऐवजी शेजारच्या लग्नाची कॅसेट आत गेली. काका जेवायला घरी गेलेले. सगळ्या आळीने ते लग्न मंगलाष्टकांपासून पंगतीपर्यंत बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात मुलीच्या बापाला लोक सांगायला लागले, "मठ्ठ्यात मीठ कमी पडलेलं दिसत होतं, त्या मामांचं तोंड बघितलंत का?" त्या दिवशी काकांना कळलं की माणसांना हिरो-हिरोईनपेक्षा आपला शेजारी बघायला जास्त आवडतो. मग शाळांची गॅदरिंगं आली, गणपती आले, नमन-खेळे आले, पोरांचे वाढदिवसाचे फोटो आले, उद्या कुठल्या भागात लाइट जाणार ते आलं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे क्रिकेट. टेनिस बॉलच्या ओव्हरआर्म स्पर्धा लागल्या की दुपारी रत्नागिरीतल्या घराघरांतून कॉमेंट्री करणाऱ्या सूरजचा आवाज ऐकू यायचा.

त्या सूरजच्या शेजारी बसून नेत्राने पाच सीझन धावा मांडल्या होत्या. कोण बॅटिंगला आला, कुठल्या वाडीतला, गेल्या मॅचला कसा आउट झाला, हे ती कुजबुजायची आणि सूरज माइकवर सांगायचा. सोहम पोटात असतानाही ती मैदानावर जात होती. आता सोहम दहा महिन्यांचा झाला होता, पुढच्या आठवड्यात नाटे गावात क्रिकेटची मोठी स्पर्धा होती, आणि या वेळी नेत्राला वही नको होती. माइक हवा होता.

काकांनी चष्मा पुसत ऐकून घेतलं होतं. "मैदानावर बाईचा आवाज लोकांना सवयीचा नाही गो. आपला तिसावा वाढदिवस आहे ना, दिवसभर लाइव्ह चालणार आहे. त्यात जेटीवरची मुलाखत तू कर. अर्धा तास न अडखळता ओढून दाखव, मग नाट्याचं बघू."

आणि आता ओढायला पाहुणाच नव्हता.

"काका म्हणतायत, ऑफिसातून गाणी लावतो, तुम्ही आवरा," संदेश कानातली वायर दाबत म्हणाला.

गाणी लागली की नाटे गेलं. नेत्राने इकडेतिकडे बघितलं. पलीकडे नुकत्याच लागलेल्या बोटीवरून मासळीचे क्रेट उतरत होते. बर्फ ओतला जात होता. लिलाववाल्याभोवती बायकांचं रिंगण जमायला लागलं होतं. याच रिंगणात तिचं लहानपण गेलं होतं, आईच्या पाटीला टेकून, कोण कशी बोली लावतो ते बघत.

"कॅमेरा फिरव," ती म्हणाली.

"कुठे?"

"मॅच सुरू होतेय तिकडे."

संदेशने कॅमेरा फिरवला. लाल दिवा लागला. आणि मग जे सुरू झालं ते तिचं तिलाही नवीन होतं.

"नमस्कार मंडळी, मिरकरवाड्याच्या मैदानावर तुमचं स्वागत. खेळपट्टी ओली आहे, आत्ताच तिच्यावर बर्फ पडलाय. स्लिपमध्ये दोन मांजरी आणि एक बोका, कॅच सुटला की तो त्यांचाच. आणि ही आली आजची पहिली जोडी, सुरमई आणि सुरमई, दोघी सलामीला, दोघी चकचकीत. गोदामावशी पुढे आल्यात. पदर खोचलाय, म्हणजे डाव लांबणार."

"मेल्ये, माझ्या पदरावर काय बोलतेस?" गोदामावशी वळून म्हणाली. ही नेत्राच्या आईच्या शेजारी बसून मासे विकणारी, तोंडाने तिखट, हाताने सढळ.

"मैदानातून खेळाडूंचा आवाज येतोय. पंचांनी दुर्लक्ष केलेलं आहे."

रिंगण हसलं. संदेशचा कॅमेराही हसत असावा, कारण चित्र जरा हललं. नेत्रा सरकत सरकत रिंगणात शिरली. सुरमई झाली, बांगडे झाले. बांगड्यांच्या वेळी तिने एकदम आवाज खाली आणला, शेवटच्या ओव्हरला आणतात तसा, आणि बायका बोली लावायच्या थांबून तिचंच ऐकायला लागल्या. छातीत दूध भरून आलं होतं, सोहमची वेळ झाली होती, ओढणी सारखी करत ती बोलतच राहिली. थांबावंसंच वाटेना.

मग पापलेटची रास आली. मोठी, पांढरीशुभ्र. रिंगण पुढे सरकलं. बोली चढत गेली, एकेक बाई गळत गेली, शेवटी गोदामावशी उरली आणि समोर कोणीतरी. पण कोण, ते दिसत नव्हतं. कोणी हात वर करत नव्हतं, तरी लिलाववाला आकडा वाढवत होता.

"आणि मंडळी, समोरचा बॉलर दिसत नाही असं मावशींना वाटतंय," नेत्रा भरात येऊन म्हणाली. "पण तिकडे खांबाला टेकून व्यापारी बाबूशेठ उभे आहेत बघा. बाबूशेठनी कानाची पाळी ओढली की बोली एकाने वर. ही ओढली. गेली वर."

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. बाबूशेठचा हात कानाजवळ होता, तो तिथेच राहिला. पुन्हा कान ओढावा तर सगळं बंदर बघतंय. त्यांनी हात हळूच खाली घेतला आणि खिशात घातला. लिलाववाल्याने तीनदा पुकारलं आणि रास गोदामावशीची झाली.

बायकांनी एकच गिल्ला केला. नेत्राने मात्र जीभ चावली. कॉमेंट्री करणाऱ्याने खेळात हात घालायचा नसतो, हे सूरजच्या शेजारी बसून तीच शिकली होती.

बाबूशेठ सरळ तिच्याकडे चालत आले. कॅमेरा चालूच होता.

"माझा माल घालवलास तू."

"घालवला, शेठ," नेत्रा माइकवरच म्हणाली. "चूक माझी. मंडळी, हा नो-बॉल मी टाकलाय. पुढच्या राशीला मी कोणाच्या कानाकडे बघणार नाही."

बाबूशेठ कॅमेऱ्याकडे वळून टोपी सारखी करत म्हणाले, "वीस वर्षं कोणाला पत्ता नव्हता. आता कानाऐवजी नाक शोधायला हवं." आणि खांबाकडे न जाता रिंगणात, सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले.

अर्धा तास संपला तसे फोन सुरू झाले. पहिला फोन सासूबाईंचा. "अगो, सोहम टीव्ही चाटतोय. तू दिसलीस तशी जाऊन चिकटला, काच सगळी ओली केलीन. लवकर ये. आणि ती पापलेटं गोदाकडून घेऊन ये, मी बघितली."

दुसरा काकांचा. मागे ऑफिसातले फोन वाजताना ऐकू येत होते.

"लोक विचारतायत उद्या आहे का म्हणून. रोज सकाळी कर हे. लिलाव तुझा."

"करते. आणि नाटे?"

"हे चाललंय ना चांगलं? बायका खूश आहेत. क्रिकेटला सूरज आहे."

"मी मासळीसाठी परीक्षा दिली नव्हती, काका."

पलीकडे कुणीतरी काहीतरी बोललं. सूरजचा आवाज होता. "द्या तिला. एक डाव ती, एक मी. नाहीतरी अर्धं तीच बोलते, माझ्या तोंडून."

"दिवसभर उन्हात आवाज जाईल तिचा," काका त्याला म्हणाले, आणि मग फोनमध्ये, "आणि पोराला कोण बघणार?"

"सूरजला पण लहान मुलगी आहे. तिला कोण बघतं ते कधी विचारलंत त्याला?"

संदेश वायर गुंडाळायची थांबून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"गाडी सकाळी लवकर निघेल," काका शेवटी म्हणाले. "पहिला डाव तुझा. नाट्याची पोरं आडनाव चुकलं की चिडतात, नीट पाठ करून ये."

नेत्राने मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं की फोनवर ती दिसत नाही.

"येते," ती म्हणाली.